हवाबीची खोली आणि बोटीचा वार

आयुष्यात मी एकच सौदा हरलो, आणि तोही समोरच्या माणसाने भाव उतरवल्यामुळे. ही गोष्ट बाजारात मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. हातगाडीवर गुळाच्या ढेपा घेऊन सुरुवात केलेला माणूस मी. कऱ्हाडच्या पेठेत माझं दुकान झालं ते कुणाच्या आशीर्वादाने नाही, तोंडाच्या जोरावर. दलाल मला लांबून बघून रस्ता बदलत. पण रत्नागिरीच्या हवाबीपुढे हे तोंड पहिल्याच दिवशी मिटलं. तिच्यावरचा माझा राग अजून गेलेला नाही, आणि गेलेला नाही म्हणूनच ती इतकी स्वच्छ आठवते की काय, कोण जाणे.

देश स्वतंत्र होऊन सातआठ वर्षं झाली असतील. माझ्या थोरल्या मुलीचं, ताराचं लग्न ठरलं होतं. व्याही साताऱ्याचे वकील. सुपारीच्या बैठकीत जेवणाचा विषय निघाला आणि मी आमरसाचं बोललो. वकीलसाहेब पानाला चुना लावत म्हणाले, "रायवळचा ना? चालेल, चालेल. आमच्यात तसा भेद नाही."

रायवळ म्हणजे गावठी, चोखून खायचा आंबा. माझं डोकं फिरलं. मी म्हणालो, "हापूस. रत्नागिरीचा. सहाशे फळ. एक जरी दुसऱ्या जातीचं निघालं, तर मांडवात मिशी उतरवीन."

दाराआडून तारा माझ्याकडे बघत होती. मिशी माझी जाणार होती, पण टोमणा जन्मभर तिला ऐकावा लागणार होता. हे मला बोलून झाल्यावर सुचलं. मला सगळं बोलून झाल्यावरच सुचतं.

दलालाकडून आंबे मागवले की वरच्या थरात हापूस आणि खाली देवाची करणी. म्हणून मी स्वतःच निघालो. आंबा घाट उतरून मोटार खाली आली आणि मी परमुलखात आलो. माती तांबडी, भिंती तांबड्या, माणसं बोलताना वाक्याचं शेपूट वर उचलणारी. समुद्र मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. बराच मोठा होता, पण त्याचा उपयोग काय ते कळलं नाही. मला खोली हवी होती. खाणावळवाला म्हणाला, "माणूस ठेवतो, आंबे ठेवत नाही." आणखी दोन घरं फिरलो, दोन्हीकडे भांडण झालं. शेवटी एका पानवाल्याने बोट दाखवलं. बंदराकडे उतरणारी चिऱ्यांच्या पायऱ्यांची पाखाडी होती, तिच्या मध्यावरचं घर. "हवाबीकडे विचारा. पण शेट, तिच्याशी जास्त बोलू नका."

हवाबी पन्नाशीपुढची, ठेंगणी, चष्म्याची काडी तुटलेली म्हणून तो दोऱ्याने कानाला बांधलेला. हातात काळी छत्री. ही छत्री ती उन्हात उघडीत नसे. छत्री बोट दाखवायला, कोंबड्या हाकायला, आणि पुढे कळलं त्याप्रमाणे, भाडेकरू उठवायला. नवरा बोटीवर सारंग, म्हणजे खलाशांचा मुकादम. वर्षवर्ष परदेशी बंदरांत. भिंतीपलीकडे दिराचं बिऱ्हाड. मागच्या खोलीत ती आणि बाळंतपणाला आलेली पुतणी. भाड्याला होती ती पुढची खोली, वेगळ्या दाराची, पडवीत उघडणारी.

"भाडं?" मी विचारलं.

"दोन महिन्यांचे पंचवीस."

मी माझं ठरलेलं काम सुरू केलं. छपराकडे पाहून उसासा टाकला. भिंतीवर टिचकी मारली. दाराकडे दोन पावलं गेलो, थांबलो, आणि जिवावर आल्यासारखं म्हणालो, "अठरा."

"पंधरा द्या."

एकोणीस म्हणायला उघडलेलं माझं तोंड तसंच राहिलं. "अहो, पंचवीस म्हणालात ना तुम्ही?"

"बोलले. पण तुमी वर बघून उसासा टाकलाव. छपराला काय तरी झाला असेल. पंधरा."

"छप्पर ठीक आहे!" मी ओरडलो. "भिंती उत्तम आहेत! वीस घ्या!"

"पंधरा. वर नको." तिने छत्री जमिनीवर टेकवली. "घासाघीस नासणाऱ्या जिन्नसाची करावी, शेट. घर काय नासतंय?"

दहा रुपये वाचले होते, आणि लुटल्यासारखा मी तिथे उभा होतो. सौदा म्हणजे कुस्ती. समोरच्याने अंगाला हात लागायच्या आधीच आडवं पडून "घ्या, जिंकलाव" म्हणावं, यात पैलवानाची काय शोभा?

"पण एक शर्त हाय," ती म्हणाली. "ही मालकांची खोली. येतो म्हणून कागद पोचायच्या आदी ते सोताच बोटीतना उतरतात. म्हणून बोटीच्या वाराला खोली खाली पायजे. वळकटी बांधून पडवीत बसायचा. मी बंदरावरना येईस्तोवर."

"आणि मालक आले तर?"

"तर तुमी जाताव."

"कुठे?"

"ता तुमी बघा. घर बघायला तुमी आलाव. मी काय तुमाला बघायला नाय आले."

असल्या अटी माणूस बोलतो आणि विसरतो, असा माझा अनुभव. मी हो म्हटलं.

मुंबईची बोट आठवड्यातून तीनदा यायची. धक्क्याला लागायची नाही, खोल पाण्यात उभी राहून भोंगा द्यायची, आणि पडाव, म्हणजे मोठ्या होड्या, जाऊन उतारू घेऊन यायचे. पहिल्या बोटीच्या वाराला मी जेवून आडवा झालो होतो. भोंगा झाला. बरगडीत काहीतरी टोचलं. डोळे उघडले तर छत्रीचं टोक.

"उठा. बोट आली."

"येऊ द्या की! मी थोडाच तिच्यातून आलोय?"

ती वाद घालायला थांबली नाही. माझ्या सतरंजीचं एक टोक धरून तिने गुंडाळायला सुरुवात केली. मी तिच्यावरच होतो, हे तिच्या हिशेबात नव्हतं. एक वेढा माझ्यासकट बसल्यावर मी उठलो. पाच मिनिटांत माझी वळकटी, पत्र्याची ट्रंक, तांब्या आणि मी पडवीत आलो. खोली झाडून झाली. खाटेवर कोरी पांढरी चादर पडली, उशाशी पाण्याचा तांब्या ठेवला गेला. मग हवाबी छत्री घेऊन पाखाडी उतरून गेली.

मी ट्रंकेवर बसून राहिलो. पाखाडीने जाणारा येणारा विचारू लागला.

"शेट, निघालाव?"

"नाही. बसलोय."

"बसा, बसा. आज बोटीचा वार ना."

तासाभराने ती एकटीच वर आली. दम खाल्ला, चष्मा पुसला, आणि आज दूध आलं नाही असं सांगावं तशा आवाजात म्हणाली, "नाय आले. जावा आत."

बस्स. पांढरी चादर काढून घडी घालून नेली. पुढच्या बोटीला पुन्हा तेच, त्याच्या पुढच्याला पुन्हा तेच. "नाय आले. जावा आत." त्या आवाजात दुःख नव्हतं, सुटकाही नव्हती. मी दर वेळी चिडायचो, दर वेळी वळकटी बांधायचो. तिसऱ्या आठवड्यात तर भोंगा वाजला की झोपेतच माझे हात सतरंजी गुंडाळायला लागले.

तिला घासाघीस येत नाही, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं. तेवढंच समाधान. मग एका सकाळी मासेवाली आली.

पडवीत बसून मी जे पाहिलं तसं कऱ्हाडच्या बाजारात पाहिलेलं नाही. हवाबीने बांगडा शेपटीला धरून उचलला आणि म्हणाली, "ह्याचे डोळे बघ गो. कंटाळला हाय तो. परवापासना तुझ्या टोपलीत बसून बसून कंटाळला."

मासेवाली म्हणाली, "आता पकडलाय, हवाबी. अजून ओला हाय."

"रडतोय तो, म्हणून ओला हाय."

मासेवालीने टोपली उचलली, दहा पायऱ्या उतरली. हवाबीने पाठ फिरवली, पण कान तिकडेच. मासेवाली परत आली. मग हवाबी उठून आत गेली, तेवढ्यात मासेवालीने पदराने डोळे टिपले, हवाबीने आतूनच हाक मारून भाव सांगितला, मासेवालीने तिच्या सासूपासून सगळ्यांची नावं घेतली. अर्धा तास हे चाललं, शेवटी एका आण्यावर सौदा पटला, आणि दोघी एका ताटलीतून पान खात बसल्या. मला गहिवरून आलं. आणि दुसऱ्याच क्षणी अंगाचा तिळपापड झाला. या बाईला सगळं येत होतं! फक्त माझ्याशी करत नव्हती!

मी तिथल्या तिथे विचारलं. "मग माझ्याशी का नाही केलीत घासाघीस?"

तिने चष्म्यावरून मला नीट पाहिलं. "तुमी काय बांगडा हाव?"

मासेवाली पायरीवर लोळायची बाकी राहिली. मी रागाने म्हणालो, "आणि घरात माशांचा वास येतो, तेही सांगून ठेवतो!"

"वास घरातना नाय येत, दर्यातना येतो," हवाबीने छत्री समुद्राकडे केली. "तो तिकडं हाय. जाऊन सांगा त्याला."

दरम्यान मी बागा फिरून, बागायतदारांशी भांडून, सहाशे नग फळ निवडून आणलं होतं. त्याची आढी लावायची होती. आढी म्हणजे जमिनीवर भाताचा पेंढा, त्यावर कच्च्या आंब्यांचा थर, वर पुन्हा पेंढा. त्या उबेत आंबा आपला आपण पिकतो. मध्ये हलवाहलव केली की बिघडतो. मी खाट भिंतीला उभी केली आणि खोलीभर आढी पसरली. स्वतःला दाराशी हातभर पट्टी ठेवली.

हवाबी रोज सकाळी दारात उभी राहून नाकाने दोनदा हुंगायची आणि सांगायची, "डाव्या कोपऱ्यातले पुढं गेलेत." मी पेंढा उचकून बघायचो. बरोबर निघायचं. मग तिची छत्री माझ्या मनगटावर बसायची. "सारका उघडून काय बघताव? भाताचा झाकण सारका काढला तर भात शिजेल काय?"

माझी खरी पंचाईत झाली ती पुढच्या बोटीच्या वारी. भोंगा झाला आणि मी दारात आडवा उभा राहिलो. "हवाबी, आज खोली खाली होणार नाही. आंबे हलवले तर गेले. माझ्या मुलीचं लग्न आहे. वकील टपून बसलाय. भाडं दुप्पट घ्या, तिप्पट घ्या!"

वकिलाची हकिकत मी रोज रागाने सांगत असल्यामुळे तिला पाठ होती. तिने माझ्या खांद्यावरून आत पाहिलं. बराच विचार केला.

"आंबे राहतील," ती म्हणाली. "तुमी जाताव."

"मी का?"

"आंबे घोरत नायत."

झालं. आंबे आत, सावलीत, पेंढ्याच्या गादीवर. त्यांचा मालक बाहेर ट्रंकेवर. पाखाडीवरून जाणारे आता दोघांची चौकशी करू लागले. "आंबे कसे हायत? आणि शेट?"

लग्नाला पाच दिवस उरले. माल न्यायला कऱ्हाडहून ट्रक यायचा होता तो परवा. त्या दिवशीची बोट पावसाळ्याआधीची शेवटची, असं सगळे म्हणत होते. म्हणजे एकदा हवाबीने "नाय आले" म्हटलं की मी सुटलो, आढी सुटली, तारा सुटली. मी ट्रंकेवर बसून, ज्या माणसाला कधी पाहिलं नाही त्याने न यावं म्हणून देवाला नारळ बोललो. याची मला आजही लाज वाटते.

हवाबी पाखाडी चढून आली. तिच्यामागे हमालाच्या डोक्यावर एक ट्रंक होती, आणि ट्रंकेमागे एक माणूस.

सारंग म्हणजे धिप्पाड, दाढीवाला, आवाजाने डोलकाठी हलवणारा, असं चित्र मी मनाशी रंगवलं होतं. आला तो काडीसारखा वाळलेला, मऊ डोळ्यांचा गृहस्थ. छातीशी तान्हं मूल धरावं तसा विलायती थर्मास धरलेला. मला त्याने अदबीने सलाम केला.

मी उठलो. आयुष्यभराची सौदेबाजी पणाला लावली. "दोन दिवस! फक्त दोन दिवस! पन्नास घ्या!"

"शर्त म्हंजे शर्त," हवाबी म्हणाली. "मालक आले. भाडेकरू आत नको."

माझ्या डोळ्यांपुढे वकिलाचं पान तरळलं. सारंग बिचारे चपला काढून, चौदा महिन्यांनी स्वतःच्या खोलीच्या उंबऱ्याकडे निघाले. तोच दाराच्या चौकटीत छत्री आडवी झाली.

"तुमी कुटं?"

"आत," सारंग म्हणाले. "निजतो जरा."

"आत आंबे निजलेत."

"मग मागच्या खोलीत जातो."

"तिथं बाळंतीण निजलेय."

सारंगांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. "मग मी कुटं निजू?"

"पडवीत. शेट हायत ना सोबतीला." आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "घर नासत नाय, मालक पण नासत नाय. आंबा नासतो."

ती आत गेली. दर बोटीला बंदरावर जाऊन तिने ज्याची वाट पाहिली तो माणूस आणि मी, दोन ट्रंका शेजारी शेजारी लावून बसलो. सारंगांनी थर्मासातून चहा ओतला. चहा फुंकत मी म्हणालो, "तुमच्या या बाई..."

"होय," ते म्हणाले.

"मला खोली पंचवीसला सांगून पंधराला दिली."

सारंग हळूच हसले. "निकाहच्या वेळी मेहर ठरत होता. नवऱ्याने बायकोला द्यायची रक्कम. मी तरणा होतो, चारचौघांत ऐट करायला मोठा आकडा बोललो. तर ही पडद्याआडना बोलली, एवढा कशाला, अर्धा पुरे. सगळी मजलिस हसली. तवापासना माझा तोंड बंद हाय."

मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! जगात हा एकच माणूस होता ज्याला माझं दुःख कळत होतं.

बोटीच्या वाराची गोष्टही त्यांनीच सांगितली. पुष्कळ वर्षांपूर्वी ते असेच न कळवता आले, तर खोलीत देवरुखचा कुणी कारकून भाडेकरू दुपारचा झोपला होता. हवाबी माहेरी. सारंगांना वाटलं, आपण घर चुकलो. त्यांनी शेजारी जाऊन विचारलं, "हा घर कुणाचा?" हवाबीला ते नंतर कळलं. "रडली नाय, काय नाय," सारंग म्हणाले. "नुसती बोलली, माझ्या माणसाने आपला घर दुसऱ्याला विचारला. आता परत नाय विचारायचा." त्यानंतर त्यांनी थर्मासाचं झाकण फिरवत समुद्राकडे पाहिलं, आणि मी माझी ट्रंक सरकवून त्यांना पाय पसरायला जागा केली.

तिसऱ्या दिवशी ट्रक आला. हवाबीने स्वतः बसून पेट्या भरल्या, प्रत्येक फळ हुंगून. शेवटी फडक्यात बांधलेले वेगळे आंबे माझ्या हातात दिले, दाराशीच्या त्यांच्या झाडाचे. "हे पोरीचे. वकिलाला देऊ नका."

लग्नात वकीलसाहेबांनी चार वाट्या रस खाल्ला आणि "जरा जास्तच गोड" म्हणाले. मिशी राहिली. तारा हसली. ते फडकं तिने अजून ठेवलंय.

लग्नात ज्यांनी रस खाल्ला ते पुढच्या वर्षी मागे लागले, आणि मी आंब्याचा धंदाच धरला. रत्नागिरीला निघताना वाटभर मनात एकच होतं: या वेळी हवाबीला हरवायचं. ती भाव उतरवते ना? मग आपण आधीच आभाळाला भिडवायचा, उतरवून उतरवून थकली पाहिजे. सारंग आता नोकरी संपवून घरी आले होते, मागच्या खोलीत राहत होते. पुढची खोली मोकळीच होती. मी दारातच छाती काढून म्हणालो, "हवाबी, यंदा तीस देणार. एक पैसा कमी नाही!"

"बरा," ती म्हणाली. "आगाऊ द्या."

मी आगाऊ दिले.

दुपारी जेवून आडवा झालो. भोंगा झाला. माझे हात सतरंजीकडे गेले, पण मी त्यांना आवरलं. मालक घरात आहेत, आता कसली शर्त? तेवढ्यात पडवीत काहीतरी आपटल्याचा आवाज आला. बाहेर येऊन पाहतो तर सारंग. त्यांनी मागच्या खोलीतली स्वतःची वळकटी बांधून आणली होती आणि ट्रंकेवर बसले होते. थर्मास मांडीवर.

"सारंग, निघालात कुठे?"

"कुटं नाय. बोटीचा वार हाय."

"अहो, पण येणारे मालक ते तुम्हीच ना?"

"ता तुमी तिला सांगा," सारंग म्हणाले, आणि हनुवटीने पाखाडीकडे खूण केली. हवाबी छत्री घेऊन निम्म्यावर उतरली होती. खोलीत पाहिलं तर खाटेवर, माझ्या सतरंजीशेजारी, कोऱ्या पांढऱ्या चादरीची घडी तयार ठेवलेली.

मी आत जाऊन वळकटी बांधली. सारंगांनी सरकून जागा केली आणि चहा ओतला. खाली पडाव बोटीकडे जाऊन परत आले. उतारू पाखाडीने वर जाऊ लागले. "शेट, आलाव? आंबे कसे हायत?"

तासाभराने हवाबी वर आली. दम खाल्ला. चष्मा पुसून पुन्हा कानाला बांधला आणि आम्हा दोघांकडे नीट पाहिलं, आधी माझ्याकडे, मग सारंगांकडे. जन्मभर मी माणसांचे चेहरे वाचून भाव ठरवले. तो चेहरा मला वाचता आला नाही. हसत होती का, तेही सांगता यायचं नाही.

"नाय आले," ती म्हणाली. "जावा आत."

सारंगांनी निमूट वळकटी उचलली. मीही उचलली.